लाख भरलेल्या बांगड्या

"हे... भाजलंय का?"

कारागिराने बांगडी चिमट्यात धरून विचारलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"भाजलं नाही हो," ती पुटपुटली. "वाफवलंय."

त्याने मान वर केली. तिने ती नजर मुद्दाम चुकवली. दुकान कसलं, दोन मोठ्या दुकानांच्या मधली फट होती ती. एक मेज, एक दिवा, एक स्टूल. तीन झगमगीत पेढ्यांनी तिला 'आमच्याकडचा दागिना नाही' म्हणून परत पाठवलं होतं, आणि निराश होऊन ती बसथांब्याकडे निघाली असताना 'दुरुस्ती' एवढाच एक शब्द लिहिलेली ही पाटी दिसली होती.

"बांगड्या वाफवतात का कुठे?"

"आमच्याकडे सगळंच वाफवतात," ती म्हणाली, आणि मग खरं ते सांगूनच टाकलं.

शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायच्या विभागात ती काम करायची. तिथे राहून तिला एक खोड लागली होती. मळकं काही दिसलं की टाक वाफेच्या यंत्रात! मावशीच्या बांगड्यांच्या नक्षीत वर्षानुवर्षांचा साबण बसला होता. शनिवारी मावशी ग्रंथालयातून निवृत्त होणार, निरोपसमारंभात त्याच बांगड्या घालणार. म्हणून हिने त्या कपाटातून गुपचूप काढल्या. सोन्याला वाफेचं काय भय? यंत्राचं दार उघडलं तेव्हा दोन्ही बांगड्या शिवण उसवल्यासारख्या फाटल्या होत्या आणि आतून काहीतरी तपकिरी, चिकट ओघळलं होतं.

कारागीर हसला. आधी ओठांतल्या ओठांत, मग सरळ मोठ्याने.

"हसताय काय! माझा जीव जातोय इथे."

"माफ करा... पण वाफवलेल्या बांगड्या मी पहिल्यांदाच बघतोय. ही लाख आहे. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख भरलेली. उष्णता लागली की लाख वितळते, फुगते आणि वाट काढते."

"शक्यच नाही. मावशीच्या बांगड्या भरीव आहेत. माझी आई गेल्यापासून, म्हणजे मी सहा वर्षांची होते तेव्हापासून बघतेय मी त्या!" आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, तो मात्र भलताच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे फसवलं तिला! आत्ताच्या आत्ता मावशीला घेऊन, तिने जिथून घेतल्या त्या पेढीवर जाते आणि चारचौघांत..."

"नका जाऊ."

त्याचं हसू कधीच मावळलं होतं. तो बांगडीच्या आतली बाजू दिव्याखाली फिरवत होता. बराच वेळ. एवढा वेळ कशाला, असं तिला वाटलं.

"मावशींना कोणी फसवलं नाही," तो हळूच म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

"कारण... हा आतला सांधा माझ्या हातचा आहे. ही लाख मीच भरली आहे."

त्याने बांगडी हलकेच मेजावर ठेवली.

मग त्याने सांगितलं. सात वर्षांपूर्वी तो वडिलांच्या हाताखाली शिकत होता. एक बाई दोन भरीव बांगड्या घेऊन आल्या. बहुतेक सोनं विकायचं होतं, भाचीच्या शिक्षणाची फी भरायची होती. उरलेल्या सोन्याचा पत्रा काढून अगदी तशाच बांगड्या करा म्हणाल्या. "'माझी भाची महाहट्टी आहे,' म्हणाल्या. 'तिला कळलं तर ती कॉलेजात पाऊल टाकायची नाही.' मी शब्द दिला होता, कोणाला सांगणार नाही म्हणून. आज मोडला."

ती स्टुलावर मटकन बसली. 'माझी थोडी बचत आहे गं,' मावशी तेव्हा म्हणाली होती, आणि हिने खुशाल विश्वास ठेवला होता! डोळे कधी भरून आले ते तिला कळलंच नाही. कारागिराने मेजावर इकडेतिकडे पाहिलं, आणि दुसरं काही नसल्याने सोनं पुसायचं मऊ फडकं पुढे केलं.

"आता मी तिचे आभार कसे मानू?" ती म्हणाली. "मला कळलंय हे तिला कळता कामा नये ना!"

"मग... मला सांगा," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत रोज संध्याकाळी हेच काम करणार आहे मी. हात गुंतलेले असतात, कान रिकामेच असतात."

ती रोज जाऊ लागली. पहिल्या दिवशी त्याने सगळी लाख काढली, दुसऱ्या दिवशी फाटलेली शिवण जोडली. आत लाख असताना जोडायला गेलं तर ती पुन्हा उकळून बाहेर येते, म्हणून आधी बांगडी रिकामी करावी लागते, असं त्याने समजावलं. आणि ती सांगत राहिली. मावशी स्वतःच्या वाटणीचं दूध 'मला आवडत नाही' म्हणून तिच्या पेल्यात कशी ओतायची. परीक्षेच्या दिवसांत शेजारी पुस्तक घेऊन जागायची आणि हिच्याआधी घोरायला लागायची. तो मान खाली घालून ऐकायचा, मध्येच विचारायचा, "मग?" त्या एका 'मग'साठी ती दिवसभर वाट बघायला लागली होती.

"काय वाफवाल्या बाई, आज उशीर?" तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं.

"घड्याळ बघत होता वाटतं?"

"छे! दिवा बघत होतो... घड्याळ दिव्याच्या वर आहे, त्याला मी काय करणार!"

ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "यांच्याऐवजी भरीवच करून द्या ना. माझ्या पगारातून."

"हातात घेताच वजनावरून मावशींना कळेल. डोळे फसतात, हात फसत नाहीत."

"खरं सांगा, असे दागिने घ्यावेत की नाही माणसाने?"

"मोडून चार पैसे यावेत म्हणून घेणार असाल तर मुळीच नाही. लाखेला सोन्याचा भाव कोण देणार? पण अंगावर घालायची हौस असेल, आत लाख किती ते विकणाऱ्याने आधीच सांगितलं असेल..." त्याने तिच्याकडे पाहिलं, "आणि घरात कोणी वाफवणारं नसेल, तर जरूर घ्यावेत."

शुक्रवारी पुन्हा लाख भरून बांगड्या तयार झाल्या. सांगायच्या गोष्टी मावशीवरून केव्हाच तिच्या स्वतःवर घसरल्या होत्या, आणि आता काम संपल्यावर उद्यापासून यायला निमित्त उरणार नव्हतं.

"समारंभाला या," ती घाईघाईने म्हणाली.

"मावशींनी ओळखलं तर?"

"मागे बसा की!"

तो मागेच बसला. पण तीस वर्षं मागच्या बाकावरच्या वाचकांना दटावलेल्या मावशीच्या नजरेतून काय सुटणार? भाषणं संपताच ती थेट त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"तू सांगितलंस हिला."

तो गडबडून उठून उभा राहिला. भाची धावतच पुढे आली. "त्याची चूक नाही मावशी. मी... मी तुझ्या बांगड्या वाफेच्या यंत्रात टाकल्या."

मावशीने आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग भाचीकडे. चार दिवस रोज संध्याकाळी बोललेल्या सगळ्या शब्दांपैकी एकही हिला आठवेना. तिने मावशीला घट्ट मिठी मारली. "मी जी काही आहे ना, ती तुझ्यामुळे आहे गं."

"वेडी ठमी!" मावशीने तिच्या पाठीत हलकासा धपाटा घातला. "सात वर्षं मला धास्ती, की कळलं तर तू रागावशील. आणि तू आभार मानतेस होय?" मग डोळे पुसत ती कारागिराकडे वळली. "आणि काय रे, तुला गप्प बसायला सांगितलं होतं. हिच्याकडे असं टक लावून बघायला नव्हतं सांगितलं."

तो कानापर्यंत लाल झाला. मावशी मात्र 'मला लोक भेटायला थांबलेत' म्हणून शहाण्यासारखी निघून गेली.

"खरंच बघत होता?" तिने विचारलं.

"तुम्ही रोज मावशींचे आभार मानायला यायचात," तो म्हणाला, "आणि मी मनातल्या मनात... त्या फुटक्या बांगड्यांचे मानत होतो."

ती एक पाऊल जवळ आली.

"मानून झाले?"

"नाही. बरेच बाकी आहेत."

"मग उद्या संध्याकाळी येते," ती म्हणाली. "दुरुस्तीला मात्र काही आणणार नाही हं."