हरणीच्या तोंडातला घास

दिवसभर ती लोकांचे डोळे तपासायची. चष्म्याच्या दुकानामागे एक अंधारी खोली होती. गिऱ्हाइकाची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवायची आणि बुबुळावर बारीक उजेड सोडायचा. उजेड पडला की बाहुली आकसते, इथे कुणाच्या श्रद्धेचा प्रश्नच येत नाही, असं ती हसून म्हणायची. आबांचे, म्हणजे तिच्या वडिलांचे, शिकारीचे सोपस्कारही तिला पटत नव्हते. तरी ती ते पाळायची, कारण बंदूक आबांची होती आणि रागही आबांचाच.

अर्धांगानं आबा खाटेला खिळल्यापासून हंगामात रानात तीच जायची. पडलेल्या जनावराशी कसं वागायचं हे आबांनी घोटून घेतलं होतं. आधी काडी घेऊन उघड्या डोळ्याला हलकेच लावायची. पापणी हलली नाही, तरच पुढचं. जिथं पडलं तिथलंच गवत घास म्हणून तोंडात द्यायचं, हातमोजा काढून तळव्यानं डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "तुझं चालणं संपलं, माझं घर चाललं. उपकार झाले." हे आबांना कुणी शिकवलं नव्हतं. तरुणपणी, उपाशीपोटी केलेल्या पहिल्या शिकारीपाशी ते त्यांना आपसूक सुचलं होतं, आणि नंतर त्यातला शब्दही त्यांनी बदलू दिला नव्हता.

त्या सकाळी धुकं होतं, गारठ्यानं बोटं वळत नव्हती आणि दुकान उघडायला उशीर होत होता. हरणी एका गोळीत पडली. मानेवर रक्त, जीभ बाहेर. काडी शोधायचा तिनं कंटाळा केला. एरवी साऱ्या गावाच्या डोळ्यांत डोकावणाऱ्या बाईनं नेमका तोच डोळा तपासला नाही. तिनं घास दिला, डोळे मिटले, उपकार मानले. सुरी काढायला पाठ वळवली, तेव्हा मागून चावण्याचा आवाज आला.

हरणी उभी होती.

गोळी मानेला चाटून गेली असणार, भोवळ आली असणार. हे कारण तिला लगेच सुचलं, नाही असं नाही. पण हरणी पळालीच नाही. गवत सावकाश चावत, डोळे मिटलेलेच ठेवून, ती दाट झाडांमधून चालत गेली. कशालाच धडकली नाही.

लेक हात हलवत परत आलेली बघून आबांना हसू आलं. "चष्मा बदल आता स्वतःचा."

तिनं घडलं ते सांगितलं. आबांचं हसू मावळलं.

"काडी लावलीस?"

"नाही लावली."

"घास गिळला तिनं?"

"चावत गेली."

 आबा म्हणाले, "आता या घरात कुणाचे उपकार मानायचे नाहीत. माझे तर मुळीच नाहीत. काही झालं तरी."

"आबा, काहीतरीच काय! हरीण होतं ते."

"होतं," आबा म्हणाले. "आता काय आहे, ते मला कुठं माहीत आहे?"

ती चेष्टा करायला गेली, पण आबांनी चांगल्या हातानं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. 

ती दुकानात असताना शेजारच्या मावशी आबांकडे लक्ष ठेवायच्या. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "अगं, हरीण पाळलंस की काय? दुपारी खिडकीशी उभं होतं, काचेला नाक लावून. आंधळं असावं बिचारं, डोळे मिटूनच होतं."

खिडकीखालच्या वाफ्यात खुरांचे ठसे होते. काचेवर आबांच्या उशीच्या उंचीला श्वासाचा डाग होता. तिनं बाहेरून फडकं मारलं. डाग गेला नाही. तो आतल्या बाजूनं होता.

त्यानंतर आबा खंगत चालले. दुधात भिजवलेला पाव ती त्यांना भरवायची, ते चावायचे, पुन्हा मागायचे, आणि गालांची हाडं मात्र रोज वर येत होती. डॉक्टरांनी दोनदा तपासून औषध बदललं. आबा एकदा हळूच म्हणाले, "भरवतेस मला, पोरी. खातं कोण?" तिची पाचावर धारण बसली. आईमागे तिला आबांशिवाय कुणी नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात, ती त्यांना भरवत होती. एकाएकी आबांची नजर खिडकीवर खिळली.

हरणी काचेपलीकडे उभी होती. डोळे मिटलेले. आबांचा जबडा हलला की तिचा हलत होता. आबा थांबले. ती चावत राहिली.

लेकीनं वाटी खुर्चीवर ठेवली, बंदूक उचलली.

"नको," आबा म्हणाले. "घास दिलाय तिला आपण."

"तुम्हाला संपवेल ती, आबा!"

अंगणातून तिनं गोळी झाडली. हरणी जागच्या जागी बसली, मग कलंडली. या वेळी तिनं काडी घेतली. पापणी वर करून डोळ्याला लावली. काही हललं नाही. ऊन थेट बुबुळावर पडलं होतं, बाहुली तशीच मोठी राहिली.

मेली होती. नक्की मेली होती.

वाफ्यातलं गवत उपटून तिनं हरणीचं तोंड उघडलं. आत दुधात भिजवलेला पाव होता. अजून कोमट.

ती धावत आत गेली.

आबांचे डोळे उघडे होते. ओठांमधून गवत बाहेर आलं होतं. हिरवं, धुक्यातलं, ओलं.

काडी तिच्या हातातच होती. तिनं ती लावली. पापणी हलली नाही. टॉर्च आणून उजेड सोडला. बाहुली आकसली नाही.

मग मात्र ती ढसाढसा रडली. तळव्यानं तिनं त्यांचे डोळे मिटले. बोट धरून रानात नेणारे, आईच्या मागे तिची वेणीसुद्धा घालणारे तिचे आबा. त्यांना तसंच कसं जाऊ द्यायचं?

"उपकार झाले, आबा," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला आठवलं.

फोन बाहेरच्या खोलीत होता. तिनं डॉक्टरांचा नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत राहिली. आतून चावण्याचा आवाज आला, सावकाश.

मग खाट करकरली. पावलं जमिनीवर उतरली.

दाराच्या वाटेत तिची खुर्ची होती, वर वाटी ठेवलेली. पावलं कशालाच धडकली नाहीत.