माझ्या जबाबदारीवर

"बाई, लगेच या." फोनवर मालक होते. "त्या नव्या मुलीला आजच काढतोय. तिचं लिखाण तुम्ही तपासता, म्हणून तुमच्यासमोर झालेलं बरं."

बाई चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेल्या. आता या कंपनीत प्रोग्रामर मंडळींचं लिखाण, म्हणजे टिपणं आणि पत्रं, सुधारायच्या. ते वाचताना त्यांना छपाईची शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवणारे जुने कामगार आठवत. सातवी पास माणसं, पण वाक्य अर्धवट राहिलं तर त्यांना घास गोड लागत नसे. इथले पदवीधर तर अर्धवट वाक्यावरच पगार घेत होते.

खोलीत तिघं होते. मालक, रडून डोळे सुजलेली मुलगी आणि खुर्चीत रेलून बसलेले प्रोग्रामर मंडळींचे प्रमुख.

प्रकार साधा नव्हता. रुग्णालयासाठी बनवलेला कंपनीचा प्रोग्राम औषधाचा अवाजवी डोस अडवायचा. काल, गुरुवारी, त्याने अडवला नाही. एका बाळंतिणीला दसपट औषध जाणार होतं. नर्सने वेळीच पाहिलं म्हणून निभावलं. डोसाची तपासणी कोणीतरी बंद केली होती. प्रोग्राममधल्या बदलांच्या नोंदीत नाव मुलीचं, तारीख सोमवारची. शेजारी टिपण: 'ही तपासणी माझ्या जबाबदारीवर तात्पुरती बंद केली आहे. काम संपताच सुरू करावी.'

"मी नाही लिहिलं हे," मुलगी म्हणाली.

"मग कोणी?" प्रमुख हसले. "एवढं शुद्ध इथे हीच लिहिते. आम्हाला कामं असतात. यंत्राला व्याकरण लागत नाही, आजीबाई."

"स्वल्पविराम चुकला की यंत्र बंद पडतं, तेव्हा दिवसभर तो शोधत बसता ना?" बाई म्हणाल्या. "माणूस समजून घेतो, म्हणून त्याच्यापुढे काहीही टाकायचं होय? सोमवारी कुठे होतात?"

"रजेवर. विचारा मालकांना."

"आणि बुधवारी?"

"पाहुण्यांना प्रोग्राम दाखवत होतो."

"दुसऱ्याचं नाव, मागची तारीख घालून नोंद करता येते?"

"अधिकार असेल तर येते," मालक प्रमुखांकडे बघत म्हणाले. "तो माझ्याकडे आहे आणि यांच्याकडे."

बाई मुलीकडे वळल्या. "टिपणाचा नमुना तू कुठून घेतेस?"

मुलीने आपल्या वहीतून कागद काढला. सगळे तोच नमुना वापरत. बाईंनी तो मोठ्याने वाचला: 'ही तपासणी तात्पुरती बंद केली आहे. काम संपताच सुरू करावी.'

"यात 'माझ्या जबाबदारीवर' कुठे आहे?" मालकांनी विचारलं.

"नाहीच. ते शब्द मी बुधवारी सकाळी घातले. इथे कोणीच कशाची जबाबदारी घेत नाही, म्हणून. सुधारलेला नमुना मंजुरीसाठी एकाच माणसाला दिला. तो 'बघतो' म्हणाला आणि दाबून बसला. जे शब्द बुधवारी जन्मले, ते सोमवारच्या नोंदीत कसे आले?"

प्रमुख खुर्चीत सरळ झाले.

"पाहुण्यांसमोर तपासणी मध्ये मध्ये अडवत होती. तुम्ही ती बंद केलीत आणि सुरू करायला विसरलात. काल बोंब झाल्यावर जुनी नोंद पुसून या पोरीच्या नावावर नवी केलीत. तुमची रजा होती, म्हणून सोमवार निवडलात. सगळं जमलं. फक्त दोन वाक्यं स्वतःची लिहायची होती, तीही उचललीत! ती उचलताना वाचलीसुद्धा नाहीत."

"एका नमुन्यावरून तुम्ही मला—"

"खोटं आहे का ते सांगा," मालक म्हणाले.

प्रमुखांनी मान खाली घातली. मालकांनी मुलीला काढण्यासाठी तयार ठेवलेलं पत्र फाडलं आणि कोरा कागद प्रमुखांपुढे सरकवला. "काय घडलं ते रुग्णालयाला लिहा. तुमच्या हाताने. मग जा."

अर्ध्या तासाने तीन ओळी तयार झाल्या. बाईंनी त्या वाचल्या आणि कागद दोन बोटांनी परत ढकलला.

"कोणी बंद केली, तेच यात नाही. हे रुग्णालयात त्या बाळंतिणीच्या आईलाही वाचायचंय. पुन्हा लिहा."