नटावरची लाल रेघ

इंद्रजित कामावरून आला की आधी गॅरेजमध्ये शिरायचा. शलाका स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज ते बघायची. एका हाताने नाचणीचं सत्त्व ढवळायचं, दुसऱ्या हाताने कमरेवरच्या रेवाला धरायचं आणि डोळे मात्र अंगणापलीकडच्या उघड्या शटरवर.

आत त्यांची गाडी, टोळ, उभी असायची. हिरवीगार, बुटकी, दोन सीटची. ना दारं, ना टप. वजन जेमतेम सव्वापाचशे किलो. इंद्रजितने स्टिअरिंगवर तळवे टेकले की ती जागी व्हायची. सीट त्याच्या पाठीला हवी तेवढी मागे कलायची, पुढची चाकं अंग झटकल्यासारखी किंचित हलायची. मग तो हसून विचारायचा, "काय म्हणतेस?"

शलाका तिथेच ढवळायची थांबायची. पूर्वी दारातून आत येताना तो हे तिला विचारायचा.

टोळ काही तयार विकत आणलेली गाडी नव्हती. लग्नानंतरच्या वर्षी ती एकेचाळीस खोक्यांमधून सुट्या भागांत आली आणि दोघांनी मिळून कळंब्याच्या या घरात जोडली. उद्यमनगरातले दस्तगीर मिस्त्री वेल्डिंगला यायचे, बाकी सगळं या दोघांचं. इंद्रजित नट आवळायचा आणि शलाका तिच्या लाल नेलपॉलिशने नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एक बारीक रेघ ओढायची. गाडी पळवून आणल्यावर रेघ सरळ असेल तर नट जागचा हललेला नाही, मोडलेली दिसली तर ढिला झाला. दर रविवारी ती टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटायची आणि ओरडायची, "सगळ्या शाबूत!" तो वर बसून टाळ्या वाजवायचा.

मग रेवा झाली. शलाका बाळंतपणाला माहेरी गेली, तेवढ्यात इंद्रजितने टोळमध्ये जाणतंतू बसवून घेतले. केसाहून बारीक धागे, गाडीच्या सांगाड्यात, सीटमध्ये, स्टिअरिंगच्या कड्यात विणलेले. कुठल्या सांध्यावर किती ताण येतो, कुठला नट सैल होतोय, चालवणाऱ्याची पकड कशी, त्याला घाम फुटलाय का, हे सगळं त्यांना जाणवायचं. ते नुसतं जाणवून थांबत नसत, त्याची सवय करून घेत आणि गाडीला माणसाच्या कलाने वळवत.

शलाका परतली तेव्हा इंद्रजित थिनरच्या बोळ्याने नटांवरच्या रेघा पुसत होता. "आता याची गरज नाही गं," तो म्हणाला होता. किती सहज! तिला वाटलं, कुणी कुंकू पुसताना बघतोय आपण. असला विचार मनात आला म्हणून तिने स्वतःलाच रागे भरलं आणि रेवाचा श्वास बघायला आत गेली.

"आज काय झालं माहितीये?" एका रात्री जेवताना इंद्रजित म्हणाला. "साहेबांनी डोकं फिरवलं होतं. घरी येताना तिला ते कळलं. तिने पॅडलच मऊ करून टाकलं. म्हणाली असेल, जरा दमानं घे बाबा."

"मला नाही सांगितलंस, साहेबांचं."

"अगं, तिलाही कुठे सांगितलं? तिला कळलं."

दस्तगीर मिस्त्री नट द्यायला आले होते, ते दारातूनच हसले. "वैनी, सवत आणलीया हो तुमच्यावर. आन् लई गुणाची हाय. एक अक्षर बोलत न्हाई."

"नट कशाला पुन्हा?" शलाकाने विचारलं.

"खराब निघालेत गं," इंद्रजित म्हणाला. "उजव्या चाकामागचे चार. तीनतीनदा आवळायला लागतात. ती सांगते, अजून, अजून."

"दोनदा बदलून झालं की," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले. "माझ्या हातानं तर एका झटक्यात बसत्यात. कंपनीत न्हाई लेका, तुझ्यातच काय तरी खोट हाय." आणि सगळे हसले.

पुढच्या रविवारी असल्या घरी जोडलेल्या गाड्यांची गगनबावड्याला फेरी होती. करूळ घाट उतरून परत. इंद्रजित आठवडाभर त्याच धुंदीत होता.

मंगळवारी दुपारी रेवा झोपली. शलाका बेबी मॉनिटर मुठीत घेऊन गॅरेजमध्ये गेली आणि टोळमध्ये बसली. सीट हललीच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवला, तर कड्यातून बारीकशी थरथर आली आणि छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली : *जोडणारा हात क्रमांक दोन. सवय नाही.*

सवय नाही! हिचे पाय जमिनीला लागत नव्हते तेव्हापासून मी हिच्याखाली झोपलेय, शलाकाला वाटलं. सांगाडा जोडताना गाडीच्या कुलपासाठी दोघांच्याही तळव्यांची नोंद झाली होती, त्यामुळे पडद्यावरच्या नोंदींच्या सगळ्या खोल्या तिलाही उघडत होत्या. ती आत आत जात राहिली. *इंद्रजित : पाठीचा कल. इंद्रजित : रागाची पकड. इंद्रजित : डावी बाजू, भरपाई अठरा टक्के, वाढती.* डाव्या चाकाचं असेल काहीतरी. ती पुढे सरकली आणि शेवटी तिला हवी ती ओळ सापडली.

*चौदा महिन्यांची सवय पुसायची?*

मॉनिटरमधून रेवाच्या कुशी बदलण्याचा आवाज आला. शलाकाने तळवा दाबला.

संध्याकाळी इंद्रजितने स्टिअरिंगवर हात ठेवले. टोळ मख्ख उभी. "काय म्हणतेस?" त्याने विचारलं, दोनदा विचारलं. शलाका खिडकीत सत्त्व ढवळत राहिली. ते बुडाला लागलं.

"सगळं पुसलं गेलंय," तो आत येऊन म्हणाला. "तू काही..."

"मी कशाला हात लावतेय तिला?"

त्याने लागलेलं सत्त्व गॅसवरून उतरवलं. मग अचानक म्हणाला, "ती नव्याने शिकेपर्यंत नट आपल्यालाच बघायला लागतील. तुझं नेलपॉलिश आहे का गं?"

त्यानंतरच्या दोन संध्याकाळी शलाका कधी विसरणार नव्हती. रेवा गॅरेजच्या दारात गोधडीवर बसून रबरी वॉशर चघळत होती आणि ती आपल्या नवऱ्याशेजारी पाठीवर झोपून रेघा ओढत होती. तो उजव्या चाकामागच्या खाचेत हात घालून कण्हला. तिथे मोठा पाना शिरत नाही. डावा हात घालून छोट्या पान्याने अंदाजानेच आवळावं लागतं. "बसला," तो म्हणाला. तिने रेघ ओढली. त्याच्या गालाला ग्रीस लागलं होतं, ते तिने पुसलं नाही. आतून ती जिंकल्यासारखी हसत होती.

शनिवारी सकाळी तो कात्यायनीपर्यंत चक्कर मारून आला. शलाका टॉर्च घेऊन खाली सरपटली. डावीकडच्या रेघा सरळ होत्या. मागच्याही सरळ. उजव्या चाकामागच्या चारही मोडलेल्या.

नट नवे होते. मिस्त्रींच्या हाताने ते एका झटक्यात बसत होते. शलाका तिथेच पडून राहिली. टॉर्चचा उजेड त्या चार रेघांवर होता आणि डोक्यात भलतंच काही जुळत होतं. तो हल्ली चहाचा कप उजव्या हाताने घेतो. रेवाला उजव्याच खांद्यावर टाकतो. शर्टाचं उजव्या मनगटाचं बटण, जे डाव्या हाताने लावायचं, ते कित्येक दिवस तीच लावून देतेय, आणि तिला वाटत होतं की ते लाडाने चाललंय. *इंद्रजित : डावी बाजू, भरपाई अठरा टक्के, वाढती.*

ते चाकाचं नव्हतं.

ती बाहेर आली. "माझा हात दाब. जोरात."

"काय झालं?"

"दाब ना! आधी उजव्याने."

तिची बोटं कळवळली. मग त्याने डाव्याने दाबलं. तिने त्याच्याकडे बघितलं. "दाबतोयस?"

"दाबतोय की."

रेवा याहून घट्ट धरते. शलाकाने ते उच्चारलं नाही, पण तिचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. त्याने स्वतःचा हात उघडून मिटून बघितला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"मी पुसलं ते," ती म्हणाली. "मंगळवारी. टोळला माहीत होतं, इंद्रजित. ती तुझ्या डाव्या हाताचं काम स्वतः करत होती. मी वाचलं आणि पुसलं."

तो ओरडेल असं तिला वाटलं. तो नुसता टोळच्या कडेवर टेकला. "मला कधी जाणवलंच नाही," तो हळू म्हणाला. "मला वाटायचं, किती हलकी चालते. सांगितलं का नाही तिने?"

"तिला सावरायला सांगितलं होतं. सांगायला कुणी सांगितलं होतं?"

रविवारी घाटात बाकीच्या गाड्या गेल्या, टोळ गेली नाही. ती तशी गेली असती, सावरणारं कुणी नसताना आणि चार नट ढिले असताना, तर काय झालं असतं याचा विचार शलाका रेवाला भरवताना करायची आणि चमचा अर्ध्यात थांबायचा.

मज्जातंतूंच्या डॉक्टर शांतपणे बोलणाऱ्या होत्या. त्यांनी हातावर बारीक हातोडी मारली, सुया टोचून तपासलं. मग विचारलं, "कधीपासून आहे? एकदम झालं की हळूहळू वाढत गेलं? औषध कुठलं, ते यावरच ठरेल."

इंद्रजितने शलाकाकडे पाहिलं. चौदा महिन्यांचा रोजचा हिशेब होता, टक्क्यांत मोजलेला. जगात तेवढ्याच एका ठिकाणी, टोळमध्ये, होता.

"आठवत नाही," तो म्हणाला आणि टेबलाखाली तिचा हात धरला. डाव्या हाताने.

"मग थांबून बघावं लागेल. सहा महिने, नव्याने मोजत." कागद आवरता आवरता डॉक्टर म्हणाल्या, "कधी कधी हे घराण्यात असतं. आत्ताच काही सांगता येत नाही."

त्या संध्याकाळी टोळची नवी ओळख करून द्यायला दोघंही गॅरेजमध्ये गेली आणि रेवाला घेऊन आत बसली. इंद्रजितने तळवे टेकले. पडद्यावर पहिला प्रश्न आला : *उणीव जाणवल्यास सावरू की सांगू?* त्याने 'सांगू' निवडलं. *कोणाला?*

"तुझा हात ठेव," तो म्हणाला.

शलाकाने तळवा टेकला. तिला अजूनही मत्सर वाटत होता, हे तिने स्वतःशी कबूल केलं. रात्रंदिवस या माणसाशेजारी राहून जे तिला कळलं नाही ते या धाग्यांना कळलं होतं, आणि यापुढेही त्यांनाच आधी कळणार होतं. पण आता ते तिला सांगणार होते. सवतीच्या तोंडून नवऱ्याची ख्यालीखुशाली ऐकायची. ऐकू.

तिच्या मांडीवरून रेवा पुढे झेपावली आणि दोन्ही मुठींनी तिने स्टिअरिंगचं कडं गच्च धरलं. कड्यातून बारीकशी थरथर आली. रेवा खुदकन हसली. पडद्यावर नवी ओळ उमटली.

*नवे हात. मोजू?*

शलाकाचा अंगठा पडद्यापासून बोटभर अंतरावर थांबला.