भुरी दूध किती देते?

“भुरीवर औषध द्या,” मी म्हणाले.

काउंटरमागचा मुलगा सरकीच्या पोत्याला दोरी बांधत होता. त्यानं वर पाहिलं... आणि पाहतच राहिला. मग काम आठवल्यासारखं त्यानं विचारलं, “दूध किती देते?”

“कोण?”

“भुरी.”

“दूध कशाचं? उलट तिच्यावर ताक मारा म्हणतात लोकं. पानं सारी पांढरी पडून राह्यली.”

“कान म्हणा,” तो समजुतीनं म्हणाला. “कान पांढरे पडले, तर गोचीड पाह्यला का?”

“पानं! डांगराची पानं!”

भोकरदनच्या बाजारातलं ते दुकान. एका बाजूला ढेप, सरकी आणि जनावरांची औषधं, दुसऱ्या बाजूला बी-बियाणं आणि फवारणीची औषधं. जुगलकिशोर शेठ जेवायला गेलेले, म्हणून जनावरांच्या बाजूचा हा देवानंद दोन्हीकडचं बघत होता. त्याला वाटलं, भुरी म्हणजे माझी म्हैस! वेलाच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा रोग पडतो, त्यालाही भुरी म्हणतात, हे मंठ्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक नसावं? ठाऊक होतं, असं तो नंतर म्हणाला. पण मी समोर आले आणि त्याचं डोकं चालेना. तेव्हा मला ती थाप वाटली. आता खरं धरते.

मला मात्र हसू येत नव्हतं. आमच्या पिंपळगावात रेणुकाईच्या देवळात दसऱ्याला भंडारा असतो, त्याला डांगराची भाजी. तुम्ही त्याला लाल भोपळा म्हणत असाल. ही डांगरं दरवर्षी अण्णांच्या, माझ्या वडलांच्या, मळ्यातून जायची. अण्णा त्या उन्हाळ्यात गेले. भावकीतले सर्जेराव काका म्हणाले, “औंदा बाजारातून आणू. तुमी दोघी मायलेकींनी कायला तरास घ्यायचा?” मी फणकाऱ्यानं सांगून बसले, डांगरं आमचीच येतील. आणि पोळा होतो न होतो तोच वेलांवर ही पांढरी पीडा. वेल गेले असते तर अण्णांचं नाव त्या भंडाऱ्यातून कायमचं गेलं असतं.

त्यानं गंधकाची पुडी बांधली. एका गाठीला त्याला फार वेळ लागला.

“पानांवर धुरळायचं,” एवढंच म्हणाला.

मी घरी आले आणि भर दुपारी, रणरणत्या उन्हात धुरळून मोकळी झाले. दोन-तीन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मी एक पान खुडलं, एसटी पकडली आणि ते त्याच्या काउंटरवर आपटलं.

“हे काय करून ठेवलं तुमी?”

त्याचा चेहरा उतरला. “उन्हात मारलं का?”

“उन्हात मारू नका, असं तुमी कुठं सांगितलं?”

“न्हाई सांगितलं. माझंच चुकलं. मला... दुसरंच सुचून राह्यलं होतं.”

“काय?”

“तुमचं गाव कोणतं ते विचारावं... का न्हाई विचारावं.”

“पिंपळगाव रेणुकाई!” मी रागाच्या भरात सांगूनही टाकलं.

रविवारी सकाळी तो सायकलवर हजर. आई अंगणात धान्य निवडत होती.

“दुकानातून आलो, मावशी. भुरी बघायला.”

“भुरी?” आई म्हणाली. “आमची म्हैस तर काळी हाये, बाबा.”

मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसले. त्यानं ऐकलंच.

पण काम त्यानं मन लावून केलं. शेठजींना सगळं विचारून आला होता. फार पांढरी झालेली पानं आम्ही काढली आणि बांधाबाहेर जाळली. वेलांची गर्दी मोकळी केली, म्हणजे वारा खेळेल. पाणी पानांवर शिंपडायचं नाही, बुडाशी सोडायचं. आंबट ताक पाण्यात पातळ करून गाळायचं आणि सकाळी फवारायचं. करपलेले वेल सावरले की मग ऊन उतरल्यावर गंधक, तेही फडक्याच्या पुरचुंडीतून हलकं झटकून.

पुढच्या रविवारी ती पुरचुंडी मी झटकली आणि मला सटासट शिंका आल्या.

“गालावर...” तो म्हणाला.

“काय?”

“भुरी.”

“मंग पुसा की.”

तो लाजून इतका लाल झाला की मलाच कसंतरी झालं. “म्हणजे... फडकं द्या, असं म्हणत होते मी,” मी सारवासारव केली.

तेवढ्यात पावसाची सर आली. आम्ही गोठ्याच्या छपराखाली पळालो. पागोळ्या गळत होत्या, ओल्या गवताचा वास येत होता आणि आमचं सगळं गंधक धुऊन चाललं होतं.

“गेली मेहनत पाण्यात,” मी म्हणाले.

“हो. पुन्हा यावं लागंल मला.”

“त्यात हसायला काय झालं?”

“कोण हसून राह्यलं?” असं म्हणताना तो हसतच होता.

नवी पानं हिरवीगार आली. आधी धरलेली फळं भरली, पिवळी-तांबूस झाली. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी त्यानं मळाभर फिरून एकेक पान उलटून पाहिलं.

“भुरी राह्यली न्हाई आता,” तो म्हणाला. बोलला मात्र सुतकात असल्यासारखा.

“चांगलंच झालं की,” मी म्हणाले. आता यायला त्याला कारण उरलं नव्हतं, आणि मला तो हवा होता. हे त्या क्षणी मला लख्ख कळलं. तो सायकलला टेकून उभा राहिला, काहीतरी बोलणार... आणि घंटी वाजवून निघून गेला. असा राग आला मला!

दसऱ्याला देवळाच्या आवारात आमच्या डांगरांचा ढीग लागला. सगळं गाव बघत होतं. दर्शनाला आलेला देवानंदही खांबाशी उभा होता, हातात नारळ धरून.

आमच्याकडे अख्खं डांगर बाई आधी कापत नाही. डांगर म्हणजे घरचा थोरला लेक, असं मानतात. पहिला घाव घरच्या गडीमाणसानं घालायचा, मग बायकांनी फोडी करायच्या. अण्णा नव्हते, म्हणून काकांनी कोयता उचलला.

“काका, थांबा,” मी म्हणाले.

मी कोयता घेतला, सरळ खांबाशी गेले आणि मूठ त्याच्यापुढे केली. “धरा.”

“मी?” त्याचा नारळ सुटता सुटता राहिला. “पण... घरच्याच माणसानं कापायचं असतं न?”

“बराबर.”

“मंग मी कसा—”

“तेच म्हणून राह्यले मी!”

माझे कान तापले. त्यानं आईकडे पाहिलं. तिनं डोळे पुसले, ढिगातलं सगळ्यात मोठं डांगर दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्यापुढे आणून ठेवलं.

तो खाली बसला. कोयता डांगरावर टेकवून त्यानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“जल्दी करा, जावईबापू,” काका म्हणाले, “भाजी शिजायची हाये अजून.”