तीन चांदण्यांचा चेहरा

"तुला मुलींच्या तोंडांचं काही वावडं आहे का रे?"

हा प्रश्न भिंगरीचा नव्हता. तो होता उंटिणीचा आणि चष्मिषचा, म्हणजे तिच्या दोन जिवलग मैत्रिणींचा. तो विचारून दाखवायची पैज तिने मधल्या सुट्टीत मोठ्या तोऱ्यात घेतली होती. आता त्या दोघी फोटो स्टुडिओच्या काचेबाहेर एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. आणि आत, पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर मान ताठ करून बसलेली भिंगरी मनातल्या मनात म्हणत होती, धरणीमाय, आता जरा फाट गं.

कॅमेऱ्यामागच्या मुलाने नुसती लेन्स फिरवली. तो त्यांच्याच शाळेतला, दोन वर्ग पुढे. शाळा सुटली की मामाच्या या स्टुडिओत कामाला. सगळी शाळा त्याला पाठमोऱ्या म्हणायची, आणि त्याला कारणही तसंच होतं. फोटोंना चांदण्या देण्याची ती साइट आहे ना — कुणीही फोटो टाकावा आणि जगाने त्याला एक ते पाच चांदण्या द्याव्यात — तिथे याचे फोटो कायम सगळ्यात वर. आणि प्रत्येक फोटोत माणूस असायचं ते पाठमोरं. जिन्यावरची बाई पाठमोरी. पुलावरचा म्हातारा पाठमोरा. मांजरसुद्धा शेपटीकडून.

"हनुवटी जरा खाली," तो म्हणाला.

"आधी उत्तर."

क्लिक.

"वावडं नाही," पडद्यावर तिचा फोटो बघत तो म्हणाला. "चेहऱ्याला तीन चांदण्या मिळतात. फार तर साडेतीन. पाठीला पाच."

"हे कुणी ठरवलं?"

"कुणीच नाही. मी आधी चेहरेच टाकायचो. पण चेहरा असला की तो कुणाचा तरी असतो ना... लोक म्हणतात, असेल बाई कुणीतरी, आणि पुढे जातात. पाठ कुणाचीही असू शकते. बघणारा हळूच आत शिरतो आणि तिथे उभा राहतो."

"तिथे म्हणजे कुठे?"

"त्या माणसाच्या जागी."

बाहेर भुरभुर सुरू झालीय, असं सांगावं तितक्या सहज त्याने हे सांगितलं. भिंगरीच्या मानेवर मात्र कुणीतरी गार फुंकर घातल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर ती फुंकर तिला आवडली.

"मग माझी काढ," ती म्हणाली. "पाठ. बघू तरी तुझ्या पाच चांदण्या."

काचेबाहेर उंटिणीने कपाळावर हात मारून घेतला. हे काही पैजेत नव्हतं.

*

फोटोसाठी त्याने जागा निवडली ती पोहण्याचा तलाव. साफसफाईसाठी पाणी सोडून दिलेला, कोरडा ठणठणीत. निळ्या फरशांच्या पायऱ्या उतरून भिंगरी तळाशी गेली, आणि आपल्याच पावलांचा आवाज तिला चारी भिंतींकडून परत ऐकू आला, जरासा उशिराने. धुकं वरच्या काठावरून आत ओतल्यासारखं उतरत होतं. तिच्या अंगात त्याने सांगितलेला पिवळा स्वेटर, पाठीवर एकच लांब वेणी.

"पिवळाच का?" तिने विचारलं.

"लाल सगळेच घालतात. पिवळं लांबून दिसतं. एकटंही दिसतं."

"तू मुलींना असंच खूश करतोस?"

"मी मुलींशी बोलतच नाही."

"मग आता काय भिंतीशी बोलतोयस?"

"पाठीशी," तो म्हणाला, आणि भिंगरीला इतकं हसू आलं की खांदे हलले.

"हलू नकोस... आणि मागे वळू नकोस."

"वळले तर?"

"फोटो बिघडेल."

"फक्त फोटोच?"

मागे काहीतरी टणकन पडलं आणि फरशीवरून घरंगळत गेलं. लेन्सचं झाकण. ती वळली नाही, पण गालातल्या गालात हसली, आणि ते हसू कुठल्याही फोटोत आलं नाही.

*

फोटो साइटवर चढला आणि जे सुरू झालं ते थांबेचना. आधी उंटीण ओरडत आली, मग चष्मिष, मग वर्गातल्या त्या मुली, ज्यांना आजवर भिंगरी नावाचा प्राणी वर्गात आहे हेच माहीत नव्हतं. फोटो त्या आठवड्यातला पहिला आला. मग त्या महिन्यातला. एरवी वर्गात हात वर करतानाही जिचं कोपर बाकाला चिकटायचं, ती भिंगरी आता मान वर करून चालू लागली. प्रश्न विचारू लागली. भांडणात पहिलं वाक्य तीच टाकू लागली. पाठीमागून लोक कुजबुजायचे, "तीच ना? तलावातली?" आणि तिला वाटायचं, आपल्या पाठीला पंख फुटलेत.

रोज शाळेतून परतताना ती स्टुडिओत डोकावायची. पाठमोऱ्या तिला नवीन आलेले अभिप्राय वाचून दाखवायचा आणि ती काउंटरवर कोपरं टेकून, त्याच्या खाली झुकलेल्या पापण्या बघत ऐकायची. अभिप्राय कमी, पापण्या जास्त.

"ही बघ एक बाई म्हणतेय, ही माझी मुलगी आहे."

"आईला सांगते हं. तिला बरं वाटेल, एक वाटेकरी मिळाली म्हणून."

"आणि हा... म्हणतोय, ही मीच आहे."

"हा?"

"हा. आणि ही पण. आणि हीसुद्धा." त्याचं बोट पडद्यावरून खाली खाली सरकत गेलं, आणि आवाज बारीक होत गेला. "सगळे तेच लिहितायत. ही मी आहे. इथे मी उभी होते. तुम्ही माझा फोटो कधी काढलात."

दोघंही हसले. पण एकाच वेळी थांबले.

*

त्यानंतर बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या.

सकाळी फोन उघडेना. तिचा चेहरा बघून उघडणारा फोन, पण तो तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, ओळख पटली नाही. भिंगरीने त्याला चार शिव्या दिल्या आणि आकडे दाबून उघडला. मग वर्गात बाईंनी हजेरी घेतली. भिंगरी "हजर" म्हणाली, आणि बाई तिच्याकडे बघत बघतच म्हणाल्या, "कोण बोललं?" मुलं हसली. भिंगरीही हसली, कारण काय करणार.

रस्त्यात लोक मागून हाक मारायचे. धावत यायचे, खांद्यावर हात ठेवायचे. ती वळली की त्यांचे डोळे तिच्या तोंडावरून ओल्या साबणासारखे घसरायचे. "सॉरी हं, मला वाटलं ती आहे."

"ती म्हणजे मीच."

"नाही, नाही," म्हणत ते निघून जायचे.

सगळ्यात वाईट घरी झालं. आई तिची वेणी घालत होती आणि भरभरून बोलत होती, शेजारच्या काकूंनी फोटो कसा सगळ्यांना पाठवला, बाबांच्या ऑफिसात कसा गाजला. भिंगरी तिच्याकडे तोंड करून वळली आणि म्हणाली, "आई, मला भीती वाटतेय." आईचं बोलणं तुटलं. हातातला कंगवा तसाच हवेत. परक्या घरात चुकून शिरल्यावर माणूस जसं अदबीने हसतं, तसं ती हसली... क्षणभरच. मग म्हणाली, "अगोबाई, तू होय. वळ बरं तिकडे, वेणी राहिलीय."

भिंगरी वळली. आई पुन्हा भरभरून बोलायला लागली.

त्याच दुपारी तिला बसस्टॉपवर ती मुलगी दिसली. पिवळा स्वेटर, एकच लांब वेणी. आजकाल गावभर पिवळे स्वेटर दिसत होतेच, त्यामुळे भिंगरीला आधी मजाच वाटली. हिचं तोंड तरी बघू, म्हणून ती वळसा घालून पुढे गेली. वेणीच दिसली. आणखी पुढे गेली. वेणीच. ती जितकी फिरली तितकीच ती मुलगीही फिरत होती, पाय न हलवता, घाई न करता. धुकं दोघींच्या मधून संथ वाहत होतं आणि स्टॉपवरचं बाकी कुणीही मान वर करून बघत नव्हतं.

भिंगरी स्टुडिओपर्यंत पळतच सुटली.

*

मामा गिऱ्हाइकाकडे गेला होता. पाठमोऱ्या दाराकडे पाठ करून काहीतरी कापत बसला होता. भिंगरी उंबऱ्यात थबकली. हाही आपल्याकडे तसाच बघेल का? हाही म्हणेल का, सॉरी हं? बाकी सगळ्या जगाचं एक वेळ चाललं असतं. याचं चाललं नसतं. हे तिला त्या उंबऱ्यातच कळलं.

"वळ," ती म्हणाली. "आणि सांग मी कोण आहे."

तो वळला. बघितलं. इतका वेळ बघत राहिला की तिला रडू यायला लागलं.

"भिंगरी," तो म्हणाला. "पळत आलीयस. खालचा ओठ चावलायस, रक्त आलंय थोडं. उजवी भुवई रागावलीय आणि डावी घाबरलीय. नाकावर एक पुटकुळी उठलीय. काल नव्हती."

"पुटकुळी सांगायची काही गरज होती का?"

"तू म्हणालीस, सांग."

भिंगरी मटकन स्टुलावर बसली आणि हसता हसता रडली. मग तिने सगळं सांगितलं. बाई, आई, बसस्टॉप. तो ऐकत होता, आणि एकदाही त्याने नजर खाली घेतली नाही. पापण्या दिसत नव्हत्या आता, नुसते डोळे.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "बघणारे त्या माणसांच्या जागा घेतात, हे मला ठाऊक होतं. पुलावरचे आजोबा आठवतात? त्यांना आता घरचेही दारात विचारतात, कोण पाहिजे. मी म्हटलं, म्हातारपण असेल... म्हणायला सोपं पडतं ना."

"मग तू पाठीच का काढत राहिलास? चांदण्यांसाठी?"

"नाही. म्हणजे... हो. पण आधी दुसरंच होतं." त्याने कात्री उगाच उघडली, मिटली. "समोरून फोटो काढायचा तर समोरच्याने आपल्याकडे बघितलेलं सोसावं लागतं. मला नाही जमायचं. तू पहिल्या दिवशी स्टुलावर बसून तो आगाऊ प्रश्न विचारलास आणि सरळ माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, हिला लवकर पाठमोरी करायला हवी. नाहीतर माझं काही खरं नाही."

बाहेर भुरभुर काचेवरून ओघळत होती. भिंगरीच्या गालांना ऊब आली, कानांपर्यंत. चेहरा परत आपल्या जागी येऊन बसल्यासारखा.

"आणि आता?" तिने विचारलं.

"आता मला तीन चांदण्यांचा फोटो हवाय," तो म्हणाला. "एकच. तो कुठेही टाकणार नाही."

तिने मान डोलावली.

मग त्याने ड्रॉवरमधून एक पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. साइटवाल्यांचं. तलावाचा फोटो वर्षातला पहिला ठरला होता. मोठ्या चौकात दुमजली उंचीचा लावणार होते, आणि ज्या फोटोग्राफीच्या शाळेसाठी पाठमोऱ्या दोन वर्षं झुरत होता, तिथे त्याला थेट जागा देणार होते. फक्त भिंगरी लहान, म्हणून तिच्या आईबाबांची संमती हवी होती. एक प्रत तिच्या घरीही पोचली होती.

"मी नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला. "फोटोही उतरवतो. आत्ताच."

"थांब. ती शाळा?"

"चेहरे घेऊन जाईन. उशिरा मिळेल."

"नाही मिळाली तर?"

"तर पासपोर्ट फोटो काढीन. समोरून."

भिंगरीने पाकीट आपल्याकडे ओढलं. दुमजली पाठ. सगळा गाव तिथे थांबेल, मान वर करेल, आणि एकेक जण आत शिरून उभा राहील. आजवर कुणी ढुंकूनही न बघितलेली मुलगी, आणि तिला हे सोडायचं होतं. सोडवत नव्हतं, हेही खरं. पंख फुटलेल्या पाठीचा मोह काय असतो ते ज्याचं त्याला ठाऊक.

"तू काही करू नकोस," ती शेवटी म्हणाली. "पाठ माझी आहे. नाही म्हणायचं तर मीच म्हणणार."

दारापर्यंत गेली आणि वळली. त्याने अजून नजर काढली नव्हती.

*

घरी दिवाणखान्यात आईबाबा शेजारी शेजारी बसले होते. समोर संमतीचा कागद, आणि हातात बाबांचा फोन, त्यात तो फोटो. दोघांची डोकी त्यावर वाकलेली.

"ये ये," बाबा वर न बघताच म्हणाले. "पेन कुठे ठेवलंस गं, ते विचारतेय ही. सही करून टाकू. काय पण ऐट आहे पोरीची."

"बस ना," आई फोटोवरून बोट फिरवत म्हणाली. "आणि बघ तरी, किती गोड उभी आहेस."

भिंगरी बसली नाही. ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या अगदी समोर आली, बाबांच्या हातातला फोन काढून घेतला आणि उपडा ठेवला. दोघांनी माना वर केल्या. त्यांचे डोळे तिच्या तोंडावर आले, डगमगले, घसरायला लागले. ती हलली नाही. तिने आईची हनुवटी धरली, लहानपणी आई तिची धरायची तशी, आणि डोळे जाऊ दिले नाहीत.

"कोण..." आई म्हणाली. मग तिच्या ओठांचा आकार बदलला. "किती सुकलीस गं. आणि ओठाला काय झालं?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अरे," ते म्हणाले, एवढंच.

"ऐका," भिंगरी म्हणाली. आवाज कापत होता, पण तो तिचाच होता. "त्या कागदावर सही करायची नाही. मी तो फोटो उतरवायला सांगणार आहे, आज. चौकात नको, साइटवर नको, तुमच्या फोनमध्येही नको. आणि ज्याने काढलाय तो मुलगा मला आवडतो. त्यालाही मी आवडते, समोरून, पुटकुळीसकट. रविवारी तो चहाला येणार आहे. त्याला अजून माहीत नाही, पण येणार आहे. हे माझं ठरलंय."