बिनतोंडाची सवत

त्या रात्री मी तिथं नव्हतो. पण जो होता, तो माझा साडू. सोनार माणूस. थट्टा करायला एक नंबर, पण खोटं बोलायला लागला की कान लाल होतात त्याचे. हे सांगताना झाले नव्हते.

गेल्या माघातली गोष्ट, पौर्णिमेच्या आदल्या रात्रीची. काम तसं साधं होतं. लग्नघरी एक दागिना पोचवायचा आणि घरी येऊन जेवायचं.

घर मारवाड्याचं. खाली कापडाचं दुकान, मागे आणि वर राहतं घर. मुलाचं हे दुसरं लग्न. पहिली बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली. त्यांच्यातल्या काही घरांत जुनी रीत आहे. पहिली गेलेली असली, तर दुसरीच्या गळ्यात तिची चांदीची छोटी मूरत घालतात. कुंकू, मेंदी, नवं वस्त्र, सगळं आधी मूरतीला, मग नवरीला. म्हणजे गेलेली रुसत नाही.

मूरत सांगायला शेठाणी, म्हणजे मुलाची आई, स्वतः साडूच्या दुकानात आली होती.

"डोळे कर, नाक कर," म्हणाली. "तोंड नको."

"अहो, तोंडाशिवाय कशी दिसेल ती?"

"गप्प दिसेल. जिवंत होती तेव्हा फार बोलायची."

साडू हसला. गिऱ्हाईक जुनं, हसावं लागतं. रात्री जेवताना त्यानं हा किस्सा म्हणून बायकोला सांगितला. ती हसली नाही.

"माहीत आहे का, कशी गेली ती?" तिनं विचारलं. "तापानं फणफणली होती. त्याच दिवशी नणंदेला बघायला पाहुणे आलेले. खाली कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून शेठाणीनं तिला माडीवरच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. रात्रभर पाणी मागत होती. भिंतीपलीकडच्यांनी ऐकलंय. नवरा खालीच झोपलेला. पहाटे आवाज थांबला, तर शेठाणी म्हणते, लागली एकदाची झोप."

साडूनं ताट बाजूला सारलं. पण काम त्यानं केलं. तोंडाच्या जागी नुसती चकचकीत चांदी.

तर ती रात्र. साडेनऊच्या सुमाराला वरात नवरीला घेऊन परतली. दारात घोडी, आत बायकांची गर्दी. नवरी अगदी कोवळी पोर. कोपरापर्यंत मेंदी, लाखेचा चुडा, हनुवटीपर्यंत झिरझिरीत घुंगट. नणंदेनं तिच्या गळ्यात मूरत घातली, पण साखळीची कडी बसेना. म्हणून साडूला पुढं बोलावलं. त्यानं चिमट्यानं कडी दाबली आणि हात मागं घेतला. म्हणाला, चांदी तापलेली होती रे. अंगाच्या तापासारखी.

मग ताटांचा विधी. उंबऱ्याच्या आत सात ताटं मांडतात. नवरा तलवारीच्या टोकानं ती बाजूला सरकवतो. मागून नवरी एकेक उचलून रचते, अजिबात न वाजवता. ताटं वाजली नाहीत तर घरात भांडण होत नाही, असं मानतात. इतर घरांत यात हसणं-खिदळणं चालतं.

शेठाणी नवरीच्या कानाशी वाकली. "एक जरी वाजलं ना, तर आल्या पावली परत. तुझ्या बापाला सांगून ठेवलंय मी."

पोर खाली वाकली. पहिलं ताट उचललं. दुसरं. तिसरं. आवाज नाही. बायका कौतुक करू लागल्या.

चौथं निसटलं.

सगळ्यांनी पाहिलं. फरशीवर पडलं, काठावर गरगर फिरलं, आडवं झालं.

वाजलं नाही.

साडूला वाटलं, आपले कान गेले. पण पंख्याची घरघर ऐकू येत होती. बाहेर घोडी फुरफुरली, तेही ऐकू आलं.

पाचवं पडलं. सहावं. पोरीचे हात तर आता छातीशी होते. ताटं फरशीवरून आपली आपण उचलली जात होती, आपटत होती... आणि आवाज नाही.

शेठाणीनं ओरडायला तोंड उघडलं. ओठ हलले. गळ्याच्या शिरा फुगल्या.

काही नाही.

आणि मग नवरी उभी होती तिथून... हळू... कोरड्या घशातून...

"सासूबाई... पाणी."

नवरीचे ओठ मिटलेले होते. साडू हातभर अंतरावर होता.

नवऱ्याच्या हातातली तलवार पडली. ती मात्र खणखणून वाजली.

"अहो..." आता त्याच्याकडे. "कडी काढा ना..."

तो जिना चढत धावला. वर कडी काढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. खाली आला तो भिंत धरून. नवरीच्या गळ्यातली मूरत त्यानं तोडून काढली आणि साडूच्या हातात कोंबली. "वितळव. आत्ताच्या आत्ता."

शेठाणीचा आवाज परत आला नाही. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही. हल्ली ती माडीवरच्याच खोलीत पडून असते. तहान लागली तरी कुणाला कळत नाही. आणि ती पोर, तीच कोवळी पोर, आल्या-गेल्याला शांतपणे सांगते, "मागितलं तर देईन की."

साडूला मूरत वितळवायचा धीर झाला नाही. दुकानातच कपाटात ठेवलीय. तापलेला दागिना विझवायला त्याच्या बैठकीजवळ पाण्याचं पातेलं असतं. रात्री तो ते काठोकाठ भरतो, शटर ओढतो, घरी जातो. सकाळी पातेलं कोरडं.

मी म्हटलं, "भरतोस कशाला मग? ठेव रिकामं."

"एकदा ठेवलं होतं," म्हणाला. मला शटरपाशी घेऊन गेला.

जाड पत्रा आहे रे. त्याला पोचे पडलेत, मुठीएवढे. मी हात फिरवून पाहिला.

सगळे आतून.