जुना स्पंज

पोरीशी एकदा खोटं बोललं की बापाला किती कामाला लागावं लागतं, ते चष्मेवाल्याला त्या रविवारी कळलं. बाह्या कोपरापर्यंत सारून तो गॅलरीत बसला होता आणि रिकामी काचेची टाकी खसाखसा घासत होता. बाथरूममधल्या बादलीत वाचलेला एकुलता एक मासा होता, काळूराम. बाकीचे सगळे गेले.

दोष कोणाला द्यायचा? ठकी तापाने फणफणून हॉस्पिटलात, आईबाप दोघंही तिच्या उशाशी. इकडे माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले, ते बघणार कोण! ज्या संध्याकाळी डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, त्याच संध्याकाळी तो कपडे बदलायला घरी आला, तर मासे पाण्यावर आडवे तरंगत होते. त्याने जाळीने एकेक उचलला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ढसाढसा रडला. "सगळं होतं तसं होऊ दे," एवढंच तो म्हणाला. घरात दुसरं कोणी नव्हतं.

सकाळी ताप उतरला. डॉक्टरही चक्रावले. पोरगी उठून बसली आणि पहिला प्रश्न काय, तर "बाबा, माझे मासे?"

"मजेत आहेत. तुझी वाट बघताहेत," बाप बोलून गेला.

"आता निस्तरा तुम्हीच," बायको जिन्यात म्हणाली. पण हसून म्हणाली. कितीतरी दिवसांनी हसली होती बिचारी.

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला कोणी 'मासेवाला' म्हटलं की तो भडकायचा. "खायचे नाहीत हो, बघायचे!" त्याच्यापुढे चष्मेवाल्याने गेलेल्यांची वर्णनं मांडली. खाणं दिसलं की काचेशी येऊन ताठ उभा राहणारा जाडा 'हेडमास्तर', सगळ्यांच्या खोड्या काढणारी 'आत्याबाई', आणि शेपटीला फाट असलेली 'चिंधी'.

"रंग मिळेल. फाटकी शेपटी कुठून आणू? कात्री चालवू का?" दुकानदार म्हणाला. मग जरा गंभीर झाला. "वाळू, दगड, नळ्या, सगळं उकळून घ्या. पंपातला, पाणी गाळायचा स्पंज मात्र नवाच घाला."

"पण नव्या स्पंजावर पाणी बसायला, माशांना मानवायला वेळ लागतो ना? पोरगी लवकर घरी येतेय हो."

"जुना ठेवलात तर लगेच बसेल. पण त्यात आधीचं काय काय मुरलेलं असतं, ते मी नाही सांगू शकत. बघा बुवा."

त्याने बघितलं आणि जुना स्पंज ठेवला.

नवे मासे सुरुवातीला एका कोपऱ्यात चिकटून राहिले. मग एका सकाळी त्याने खाण्याची डबी उघडली, तर जाडा पुढे आला आणि काचेशी ताठ उभा राहिला. मागून एक जण शेजाऱ्याला ढुशी देऊन पळाली. चष्मेवाला खो खो हसला. चला, लबाडी पचली म्हणायची!

काळूराम तेवढा पंपामागून बाहेर येईना. खायलाही नाही.

चिंधीच्या जागी आणलेल्या माशाची शेपटी त्याने स्वतः पारखून घेतली होती, अगदी धड होती. आता तिच्यात एक पुसट रेघ दिसली. दिवसभर भिंगांवरचे ओरखडे शोधणारा माणूस तो, नजर फसायची नाही. आपल्या चष्म्यांच्या दुकानातलं मोठं भिंग आणून तो रोज बघू लागला. रेघेची खाच झाली. खाचेची फाट झाली. तिरकी, जिथे चिंधीची होती तिथेच.

त्याने दुकानदाराला फोन लावला. "शेपटी फाटण्याचा काही रोग असतो का?"

"असतो की. कडा पांढऱ्या पडतात, झिजतात. तशा दिसताहेत?"

"नाही."

"मग?"

"काही नाही," म्हणून त्याने फोन ठेवला. काय सांगणार? ती जखम नव्हतीच. जुनी, कधीची भरून आलेली फाट होती.

ठकी घरी आली. हॉस्पिटलातले कपडे, घरातल्या चादरी, बायकोने सगळं उकळून काढलं. जुनी उशी तेवढी ठेवली. "तिच्याशिवाय झोप लागते का तिला?"

ठकीने धावत जाऊन टाकीवर बोट टेकवलं. सगळे मासे त्या बोटाशी गोळा झाले. "बाबा, सगळे आहेत! चिंधीपण!"

पोरगी वाचली, घर पुन्हा घर झालं, आणखी काय हवं माणसाला? मग त्याला काळूराम दिसला. एरवी ठकीच्या बोटाकडे सगळ्यांच्या आधी झेपावणारा काळूराम पार मागच्या कोपऱ्यात, तिच्याकडे पाठ करून थरथरत होता.

"रुसलाय," ठकी म्हणाली. "होईल त्याला सवय."

त्याने तिला उचलून मांडीवर घेतलं, तोंड पुसलं. हनुवटीखाली अंगठा गेला आणि थांबला. सायकलवरून पडली तेव्हा तिथे टाके पडले होते. घालताना तिचे हात त्यानेच धरले होते.

कातडी गुळगुळीत होती.

"काय बघताय एवढं?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

बायको कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती. तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

ठकी दुधाला नाक मुरडू लागली. हट्ट करू लागली. पूर्वीसारखीच. तो हसायचा आणि नजर चुकवायचा.

एका सकाळी ती जुन्या उशीवर झोपली होती. तोंड खिडकीकडे होतं. त्याने खिशातलं भिंग काढलं आणि वाकला.

हनुवटीखाली केसाएवढी रेघ होती. जखम नव्हती. जुनी, कधीची भरून आलेली. अजून अर्धीच.

"होईल हो बाबा, सगळं होतं तसं," डोळे न उघडता ती पुटपुटली. "थोडंच राहिलंय."

स्वयंपाकघरातून बायकोची पावलं वाजली. त्याने घाईघाईने पांघरूण ठकीच्या हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.